वरचा सा

मंगळवार, संध्याकाळ. सक्करदरा.

आज वरचा सा लागलाच नाही. दोनदा फाटला, मग नुसती हवा. बाबांनी तानपुरा थांबवला. "काहून वं, सर्दी झाली का?" मी हो म्हटलं. सर्दी नाही.

बाबा शिकवण्यांना बाहेर पडले की मी एका नॉर्वेच्या हार्ड रॉक बँडच्या गाण्यांवर ओरडते. दार लावून, उशीत तोंड खुपसून. सकाळच्या खर्जाच्या रियाजामुळे तो घोगरा आवाज मला चटकन साधला, याचा केवढा गर्व होता! आज घाबरून त्या बँडची सगळी वाटचाल वाचून काढली. गॅरेजमधली सुरुवात, मग देशोदेशीचे दौरे, आणि चौथ्या अल्बमनंतर गायकाचा गळाच गेला. शस्त्रक्रिया करूनही आवाज परतला नाही. बँडने नवा गायक घेतला. जुना आता मागे उभा राहून गिटार वाजवतो. मला तर तेही येत नाही. कशाला वाचलं मी?

वरचा सा. कायमचा गेला असेल तर? लहानपणापासून बाबांकडून गाण्याशिवाय दुसरं काही शिकलेच नाही.

सगळं सांगून टाकायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले. बाबा माझ्यासाठी हळदीचं दूध करत होते. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "माह्याच रियाजानं झालं हे. लय ताणलं मी तुले. डॉक्टरले दाखवेपर्यंत आता एक शब्द बोलू नको वं."

त्यांचं सांगणं मी कधी मोडलं नाही. आजही मोडलं नाही.