बीट खाल्लं असेल

६ मार्च १८९३
माइन नदीकाठच्या या रंगकारखान्यात आजपासून मी रसायनतज्ज्ञ! राहायला दोन खोल्या, खिडकीतून नदी दिसते, कधी जांभळी तर कधी शेंदरी. माझ्या बायकोने, लिओबाने, लगेच पडद्यांची मापं घेतली. काम मनासारखं आहे. नायट्रो तेलात आम्ल आणि लोखंडाचा कीस घालून अमाइन, म्हणजे रंगांचा कच्चा माल, काढायचं. शंभर भाग तेलातून सत्तरच्या वर उतरवलं तर कायमची नोकरी, असं संचालक म्हणाले.

१८ मार्च
इथे शनिवारी मोठी गंमत. प्रत्येक कामगाराची नंबराची बाटली असते. लघवी भरून ती खिडकीत ठेवायची. मुकादम कुंकल ती उजेडात धरतो. तांबूस दिसली म्हणजे अमाइनची वाफ बाधली, मग माणसाला मोकळ्या हवेत, बागेच्या कामाला पाठवतात. चांगल्या मजुरीचं काम सुटू नये म्हणून जो तो सांगतो, काल बीट खाल्लं. की बाकीचे ओरडतात, "अरे, तुझ्या बायकोला दुसरं काही रांधता येतं का?" पोट धरून हसलो.

२ जून
भांड्यावरच्या फेल्टेन नावाच्या कामगाराचा हात दुसऱ्या कुणाला नाही. कीस मुठीमुठीने टाकतो, भांड्याचा आवाज ऐकून थांबतो. घाई केली की सगळं उतू जातं. त्याच्या हाताने काल त्र्याहत्तर उतरलं.

२४ जून
फेल्टेनची बाटली लाल. त्याने बीट म्हटलं नाही. मला बागेत धाडा, घरी तीन लेकरं आहेत, म्हणाला. आणि पुढच्याच शनिवारी संचालकांसमोर माझी चाचणी! कुंकल माझ्याकडे बघायला लागला. मी बाटली उजेडात धरली. रंगातलं मला कळतं. तरी म्हणालो, "बीट खाल्लं असेल." सगळे खो-खो हसले. फेल्टेन परत भांड्याशी गेला.

१ जुलै
चाचणी फत्ते. नोकरी पक्की. नोकरी सोडली तरी हे काम तीन वर्षं दुसरीकडे करणार नाही, असं लिहून दिलं. मागणी मोठी आहे, फेल्टेनला इतक्यात सोडता येणार नाही.

९ ऑक्टोबर १८९४
फेल्टेन गेला. शेवटी लघवीतून नुसतं रक्त पडत होतं, आळीभर किंकाळ्या ऐकू जात, असं कुंकल सांगत होता. त्याच्या जागी कुणी टिकत नाही. कीस मीच टाकतो.

१२ जानेवारी १८९५
कडी लावून स्वतःची बाटली पाहिली. तांबूस. उजेडच तसा असेल.

१९ जानेवारी
लाल. मला रंगातलं कळतं, देवा —
संचालकांकडे गेलो. बाग मागितली. त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बीट खाल्लं असेल, डॉक्टर. तुमच्याशिवाय ते भांडं कोण सांभाळणार?" कुंकल मागे उभा होता. हसत होता —

२० जानेवारी
दारात टोपली. बीट. काठोकाठ. फेल्टेनच्या विधवेने धाडली. निरोप — साहेबांना लागतील.

२२ जानेवारी
उभं राहवत नाही. लिओबाने लाल झालेली चादर पाहिली. मी म्हणालो, बीट खाल्लं. ती टोपली बघून आली. पांढरीफटक. म्हणते, अहो, यातलं एकसुद्धा कमी —