अठ्ठावीस दिवसांची मुदत

४ मार्च
हरलो! आधीच्या कोर्टात हरलो, आज फेडरल कोर्टातल्या अपिलातही. इलैतियाला ऑस्ट्रेलियात राहायचा व्हिसा नाहीच. मला आंघोळ घालणारा, डायलिसिसला नेणारा माझा भाऊ फिजीला परत जाणार. न्यायाधीश एकटेच होते. चार मिनिटांत उठले.

७ मार्च
इलैतिया कोर्टाच्या खिडकीवर जाऊन आला. "एका न्यायाधीशाच्या वर तीन बसतात, ताई. तिथे अपील टाकलं." अठ्ठावीस दिवसांची मुदत असते म्हणे. तिघांत एक तरी भला निघेल.

१८ मार्च
सुईला शीर सापडेना. इलैतिया माझे पाय चोळत बसला. मध्येच लैसानीचा फोन. त्याची फिजीतली लेक, नऊ वर्षांची. बापाने घर सोडलं तेव्हा तीन वर्षांची होती. तो बाहेर जाऊन बोलला. आल्यावर पुन्हा माझे पाय चोळायला लागला.
मीच एकदा विचारलं होतं, "जायचंय का तुला?" "नाही, ताई." पण आमच्याकडे बहिणीला नको असेल ते भाऊ तिच्या तोंडावर बोलतच नाही. विचारून उपयोग काय!

९ एप्रिल
कागद परत आले! खालच्या कोर्टाच्या निकालावरचं अपील एकाच न्यायाधीशाने ऐकलं, तरी त्याला तिघांच्या जागीच धरतात. पुढे थेट हायकोर्ट, इथलं सगळ्यात वरचं कोर्ट, तेही त्यांनी परवानगी दिली तर. आणि मुदत १ एप्रिलला संपली.
फार बोलले मी त्याला. "डोकं नारळाच्या झाडावर टांगून गेला होतास का?"
"मला कुणी सांगितलंच नाही, ताई." मान खाली. चुलीवरचे दालोचे कंद करपले, तेच खाल्ले.

१२ एप्रिल
हायकोर्टात अर्ज केला. उशीर माफ करा, परवानगी द्या. चर्चमधल्या वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, आशा धरू नका. बहुतेक अर्ज कागदावरच निकालात काढतात. तुम्हाला उभंही करत नाहीत."

३ मे
काही नाही.

१९ जून
नकार. "उशिराचं पटण्यासारखं कारण दिलेलं नाही." सहा वर्षं झगडलो आणि एवढी एक ओळ! कॅनबेराच्या त्या हायकोर्टात माझं तोंडही कुणी पाहिलं नाही.
आता वृद्धाश्रमात नाव घालायचं. अनोळखी हात मला उचलणार. भीती वाटते. फार भीती वाटते.

२३ जून
इलैतिया स्वयंपाकघरात शीळ घालत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा! राग आला. असं कसं सुचतं याला? मला पाहिलं आणि थांबला.

२४ जून
त्याची बॅग भरायला बसले. रविवारच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी. कोर्टाच्या खिडकीवरचा शिक्का, तारीख ७ मार्च. "तिघांकडे जाता येणार नाही. फक्त हायकोर्ट. १ एप्रिलच्या आत."
चिठ्ठी फाडून टाकली. शर्टाची घडी घातली. वर लैसानीसाठी घेतलेला फ्रॉक ठेवला.