वर न गेलेला हात

१४ मार्च, शनिवार

भट्टीच्या निर्णयाची तारीख ठरली. १५ एप्रिल, बुधवार, सकाळी दहा. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकावर पिवळा कागद लावलाय. मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, त्यात तारीख होती. मधलं कोण वाचतं! मधलं गेल्या उन्हाळ्यापासून अख्ख्या मार्शबी गावाला पाठ आहे — वर्षाला दोन लाख टन कचरा जाळायची भट्टी, नव्वद मीटरचं धुराडं. आमच्या चर्चचा मनोरा चाळीस. म्हणजे चर्चवर चर्च, आणि वर एक घर.

कारखान्याच्या जुन्या हौदात बगळा उभा होता. एका पायावर. त्याच्यात अर्धा तास गेला. दुकानात पोचायला उशीर.

दुकानाचे मालक, डेन्झिल हॅकेट, बिजागऱ्या लावून ठेवत होते. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "कागदावर अजून काय होतं?"

"शेवटच्या ओळी वाचल्या मी."

"पाखरा, तू पुस्तकंसुद्धा मागच्या पानापासून वाचत असशील."

वाचते की.

१७ मार्च, मंगळवार

ग्लेनिस पास्कनं पुन्हा बोटांवर मोजून दाखवलं. ती तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, त्यामुळे सगळ्यांशी तशीच बोलते — रांग मोडली तर पुडिंग नाही. भट्टीविरुद्धची सगळी मोहीम तिच्या जेवणाच्या टेबलावरून चालते. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नियोजन समितीत अकरा जण, भट्टीचं तेच ठरवणार. "पाच त्यांचे, सहा आपले. आणि सहावा कोण? हा." तिनं डेन्झिलच्या खांद्यावर थाप मारली. ते स्टुलावरून पडता पडता राहिले.

"ग्लेनिस, माझ्या खांद्यावर एवढं वजन टाकू नकोस. आधीच नेत्याबाई रोज फोन करतात."

नेत्याबाई म्हणजे डेन्झिलच्याच पक्षाच्या, काउन्सिल त्यांच्या हातात आहे. त्यांना भट्टी हवी आहे. डेन्झिलना नको. सात मेला काउन्सिलची निवडणूक. गावात कुणालाच भट्टी नको. नेत्याबाई गावात राहत नाहीत.

ग्लेनिस मला म्हणाली, "आणि तू काय करणार, फिरस्ते? निवडणुकीआधी पळणार?"

म्हटलं, बघू. एक वर्ष राहिले हेच खूप. आले होते तीन आठवड्यांसाठी, डॅफोडिल तोडायला. चिकानं हातांवर फोड आले, मुकादमानं घरी पाठवलं. घर कुठे होतं! लोखंडाच्या दुकानात शिरून मलम मागितलं. डेन्झिल म्हणाले, "मलम नाही. हातमोजे आहेत. आणि वरची खोली रिकामी आहे." त्यानंतर कुणी जा म्हटलं नाही. मीही गेले नाही. असं आधी कधी झालेलं नाही.

२२ मार्च, रविवार

डेन्झिलनी मला त्यांच्या भाजीच्या पट्ट्यातला एक वाफा दिला. पट्टे कारखान्याच्या कुंपणाला लागून, काउन्सिलच्या मालकीचे. भट्टी आली तर वरून राख पडणार ती पहिली इथे.

मला वाटलं बटाटे लावायला सांगतील. त्यांनी बादलीतून ॲस्परॅगसचे, कोवळे कोंब खातात त्या भाजीचे, गड्डे काढले. ओले, पाय पसरलेल्या कोळ्यासारखे. चरात मधोमध मातीचा उंचवटा करायचा, त्यावर गड्डा बसवायचा, पाय दोन्ही बाजूंना सोडायचे. दहा गड्डे.

"यंदा कोंब येतील. हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी कापायचे."

"आणि आत्ताच कापले तर?"

"मुळं मरतात. त्यांना जमिनीखाली जोर धरायला वेळ लागतो." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्यासारखीच आहेत."

मी पुढचा गड्डा बसवला. तिसऱ्या वर्षी मी सत्तावीस वर्षांची असेन. इथे.

२८ मार्च, शनिवार

मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये सभा. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडकीत बसले. ग्लेनिसचे अंड्याचे सँडविच संपले, मग तिची तीळभरही सहनशक्ती उरली नाही. "ज्यांनी खाल्लेत त्यांनी बॅनर उचला."

शेवटी डेन्झिल म्हणाले, चल, बाहेर एक व्हिडिओ कर, सगळ्यांना पाठव. पायरीवर उभे राहिले. हातात पाटी, 'भट्टी नको'. पहिल्यांदा बोलले ते असं :

"आज तरी मला ही भट्टी पटत नाही. पण मी सगळे कागद वाचीन, सगळ्यांचं ऐकीन आणि मग ठरवीन."

मी मोबाइल खाली घेतला. ते मान हलवत होते.

"बोथट झालं. परत घे."

मग दुसऱ्यांदा. पाटी छातीवर, टोपी काढलेली :

"कागद काहीही म्हणोत, भट्टीसाठी माझा हात कधीच वर जाणार नाही."

अंगावर काटा आला. खिडकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही व्हिडिओत आल्या. पहिला मी पुसून टाकला. बोथटच होता.

२९ मार्च, रविवार

चार हजार लोकांनी पाहिला. मार्शबीत राहतात तीन हजार.

३ एप्रिल, शुक्रवार

घरोघर पत्रकं वाटली. डेन्झिलचा फोटो, खाली तेच वाक्य. कुत्र्यांनी दोनदा घाबरवलं. एका आजोबांनी दार उघडून विचारलं, "तू हॅकेटची मुलगी का?" मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, "तसंच काहीतरी."

मग नदीकाठी भटकत राहिले. पन्नास पत्रकं उरली. उद्या वाटते.

१५ एप्रिल, बुधवार

नीट लिहिते.

सकाळी काउन्सिलच्या इमारतीसमोर दोनशे माणसं. ग्लेनिस आणि मी वरच्या बाकांवर, प्रेक्षकांत. अकरा खुर्च्या, अकरा पाण्याचे पेले. बैठक सुरू व्हायच्या आधी काउन्सिलची वकीलबाई उठली. म्हणाली, भट्टीवाल्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आज सकाळी आलंय, सोबत एक व्हिडिओ आहे.

आणि तिनं तो लावला. माझा व्हिडिओ. टाळ्यांसकट.

मग तिनं नियम सांगितला. समितीतल्या सदस्याला मत असू शकतं. पण कागद बघायच्या आधीच, काहीही झालं तरी असंच करीन, असं जो जाहीर सांगतो, त्यानं मन बंद केलं असं धरतात. त्याला मत देता येत नाही. बदली सदस्याचं नाव काल दुपारपर्यंत द्यायला हवं होतं.

डेन्झिल उठले. पांढरेफटक. "मी लोकांच्या मनातलं बोललो. त्याची शिक्षा होत असेल तर घेतो." लोकांनी बाक वाजवले. डेन्झिल खाली मान घालून बाहेर गेले. पेला भरलेला तसाच.

पाच विरुद्ध पाच. समान मतं पडली की अध्यक्षांचं जादा मत. त्यांनी दिलं.

भट्टी मंजूर.

ग्लेनिस माझ्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "तुझा मोबाइल होता ना?"

१६ एप्रिल, गुरुवार

दुकानात कुणी आलं नाही. आलं ते खिडकीतून बघून गेलं.

१८ एप्रिल, शनिवार

चिप्सच्या दुकानात रांगेत उभी होते. मागून एक बाई : "शिकलेली असती तर कळलं असतं काय पाठवायचं नि काय नाही." दुसरी : "आज इथे, उद्या तिथे. तिला काय फरक पडतो धुराचा."

मी चिप्स न घेताच आले. चिप्सवर शिंपडतात त्या व्हिनेगरचा वास जॅकेटला लागलाय, तोच खाल्ला.

खरंय. मला नियम माहीत नव्हता. कुणालाच नव्हता, ग्लेनिसलासुद्धा नाही. पण पाठवला मी. पहिला ठेवला असता, तो बोथट, तर डेन्झिल आज खुर्चीत असते आणि सहा विरुद्ध पाच झालं असतं. मीच पुसला.

ग्लेनिसला चिठ्ठी लिहिली. उत्तर नाही. तिच्या दाराशी बॅनरच्या काठ्या बांधून ठेवल्यात, टाकाऊ सामान नेणाऱ्यांसाठी.

२० एप्रिल, सोमवार

कोणत्या गाड्या उत्तरेला जातात ते बघितलं. स्कॉटलंडच्या बेटांवर शेळ्या सांभाळायला माणूस हवाय म्हणे. शेळ्या व्हिडिओ बघत नाहीत.

२४ एप्रिल, शुक्रवार

हॉलमध्ये पुन्हा सभा, आता निवडणुकीची. मी मागे, दाराला टेकून. जायचंच ठरवलं होतं, पिशवी भरलेली.

डेन्झिल बोलता बोलता थांबले. म्हणाले, "ती पोरगी मागे उभी आहे. तिला बोल लावणाऱ्यांनी आधी मला लावा. चूक तिची नाही. तिनं प्रेमानं केलं. मी तिला माफ केलंय, तुम्हीही करा."

सगळ्या खुर्च्या करकरल्या. सगळे मागे वळले. एका म्हातारीनं माझा हात धरला. टाळ्या पडल्या, त्यांनाच, पण माझ्यावरून गेल्या.

घरी येऊन पिशवी रिकामी केली. रडले. इतकं मोठं मन माणसाला कुठून येतं! माझ्या बापानं फुटलेल्या कपासाठी महिनाभर अबोला धरला होता.

फक्त ग्लेनिस वळली नाही. सरळ समोर बघत बसली होती, डेन्झिलकडे. नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

८ मे, शुक्रवार

डेन्झिल निवडून आले. मार्शबीत इतकी मतं कुणालाच कधी पडली नव्हती म्हणतात. 'भट्टीविरुद्ध लढलेला माणूस' — पत्रकावर तेच, मीच वाटलं. त्यांचा पक्ष पुन्हा सत्तेत.

दुकानाबाहेर त्यांनी सगळ्यांना बीअर पाजली. मला म्हणाले, "पाखरा, आता उडायचं नाही."

"नाही उडत."

१३ मे, बुधवार

नेत्याबाईंनी डेन्झिलना काउन्सिलचे उपनेते केलं. मला जरा विचित्र वाटलं. रोज फोन करून ओरडायच्या ना त्या? विचारलं तर हसले. "राजकारणात राग फार दिवस ठेवत नाहीत." शहाणपण असेल. मला राग ठेवायला जमतं. सात वर्षं ठेवलेला आहे एक.

कोंब आलेत! तीन, जांभळ्या टोकांचे, पेन्सिलीएवढे. गुडघ्यांवर बसून बघितले. हात लावला नाही.

कुंपणापलीकडे पिवळी यंत्रं उभी राहिलीत. बगळा दिसत नाही.

१८ मे, सोमवार

पावसामुळे गिऱ्हाईक नाही. एक माणूस आला, दर आठवड्याला एकच बिजागरी नेतो. कशाला, ते विचारायचं ठरवते आणि विसरते. त्याचं घर नुसत्या दारांचंच असणार.

दुपारी डेन्झिलचा फोन. दुकानाच्या मागच्या खोलीत एक खोकं आहे, उद्या सकाळी काउन्सिलच्या इमारतीत पोचव, दुसरा मजला. नव्या सदस्यांचा वर्ग आहे. "दर निवडणुकीनंतर मीच घेतो. कागद खुर्च्यांवर ठेव फक्त. वाचायचा त्रास नको घेऊस, तुला कंटाळा येईल."

येईलच.

ग्लेनिस आज रस्त्यात भेटली. मी थांबले. ती थांबली नाही. मी तिच्यामागे चालत गेले, तिच्या फाटकापर्यंत. तिथे ती एकदाच बोलली : "तुला नियम माहीत नव्हता. मला माहीत नव्हता. त्याला कसा माहीत नव्हता, वीस वर्षं त्या खुर्चीत बसून?"

दार लावून घेतलं. म्हातारपणी माणसं कडवट होतात. डेन्झिलनी तर तिलासुद्धा माफ केलंय.

१९ मे, मंगळवार

चाळीस खुर्च्या. एकेक कागद ठेवत गेले. सवयीनं शेवटची ओळ आधी वाचली : 'टिपण — डी. हॅकेट', आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख.

मग वरचं वाचलं. दोन रकाने. 'हे बोलता येतं' खाली — आज तरी मला हे पटत नाही, पण सगळे कागद वाचीन, सगळ्यांचं ऐकीन आणि मग ठरवीन. 'हे बोललात तर मत गेलं' खाली — कागद काहीही म्हणोत, माझा हात कधीच वर जाणार नाही.

शब्दाला शब्द. बोथट झालं, परत घे.

दोन कागद घेतले. एक ग्लेनिसच्या दाराच्या फटीतून आत सरकवला. मग वाफ्यावर गेले. सतरा कोंब होते, एकही सोडला नाही, मातीलगत कापले. दुसऱ्या कागदात गुंडाळले, रकाने वर येतील असे. त्याच्या काउंटरवर ठेवले. शेजारी खोलीची किल्ली.

पिशवी ग्लेनिसच्या पायरीवर आहे. तिनं दार उघडलं.