पहिल्या हाकेची पोच

३ नोव्हेंबर, धावडा

आज पोचले. नवीन जालन्याहून भोकरदन, तिथून काळीपिवळीने, मांडीवर अँटेनांचं खोकं घेऊन. खोली स्वच्छ आहे. अंगणात मक्याची कणसं पसरलेली. घरात चतुराबाई आणि त्यांचे मालक पुंजाराम, दोघंच.

काम सरळ आहे. डोंगराकडच्या शिवारात मोबाइलला रेंज नाही. तिथे कोणाला साप चावला, मोटारीचा झटका बसला, तर गावात कळत नाही. म्हणून शेतकरी गटाने मला बोलावलं. शेताशेतात खांबावर एकेक डबी बसवायची. आत छोटा रेडिओ, वर सौरपट्टी. एका डबीने पकडलेला निरोप पुढची उचलते, आणि असा तो हातोहात गावात येतो. ज्याच्या नावाचा निरोप, त्याची डबी आपोआप पोच पाठवते. सिमकार्ड लागत नाही.

जेवताना पुंजारामांनी विचारलं, डबीत पिक्चर दिसतो का. मी नाही म्हणाले. मंग एवढा खर्चा कशापायी, ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. चतुराबाई म्हणाल्या, ह्यांना डबा दाखवला तरी पिक्चरच आठवतो. ठेचा चांगला होता.

५ नोव्हेंबर

पहिली डबी पुंजारामांच्या शेतात बसली, डोंगराला सर्वांत जवळ. खांबावर चढायला कचरू आहे. त्याचं शेत लागूनच. पूर्वी वायरमनच्या हाताखाली होता, हात सफाईदार.

खालून हाक मारली की तो बोलत नाही. दुसऱ्यांदा मारली की लगेच बोलतो. दुपारभर हेच. ऐकायला कमी येतं का, विचारलं. मॅडम, बराबर ऐकू येतं, म्हणाला, पण शिवारात पहिल्या हाकेला आम्ही न्हाई बोलत. माणूस असला तर दुसऱ्यांदा बोलावतो. ते एकदाच बोलावतं. ते म्हणजे कोण, हे सांगितलं नाही. पक्कड मागितली.

दोनदा विचारून खात्री करणं, पद्धत म्हणून वाईट नाही.

डब्यांना नावं द्यावी लागतात. ज्याचं शेत त्याचं नाव दिलं: पुंजाराम, कचरू. गावातल्या पाण्याच्या टाकीवरच्या डबीला चतुराबाईंचं. खोलीतल्या डबीला माझं, तृप्ती.

९ नोव्हेंबर

चार डब्यांचं जाळं पूर्ण झालं. निरोप शिवारातून गावात नीट येतो.

भर दुपारी एक निरोप आला. त्यात एकच शब्द होता, पुंजाराम. पाठवणाऱ्याची जागा कोरी. पुंजारामांच्या शेतापलीकडून, डोंगरातून आला; तिथे आपली डबी नाही. पुंजारामांच्या डबीने पोच दिली. पुन्हा काही आलं नाही. कोणीतरी खोडी काढत असेल.

१० नोव्हेंबर

काल शेतातून आल्यापासून पुंजाराम बोललेले नाहीत. जेवतात, बैलांना पाणी दाखवतात, सगळं बिनचूक. हाक मारली की मान वळत नाही. चतुराबाईंनी आधी चेष्टा केली, घरात पण दोन हाका लागून राह्यल्या का आता, लईच मोठे झाले आमचे मालक. मग तिसरी हाक. चौथी. शेवटी खांदा धरून हलवलं. पलीकडच्या बांधावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं, तसं त्यांनी बायकोकडे बघितलं.

भोकरदनला डॉक्टरांना दाखवलं. कान उत्तम आहेत.

१३ नोव्हेंबर

दुपारी कचरूचं नाव आलं. एकदाच. त्याच्या डबीने पोच दिली.

मी शेतात गेले. तो कापूस वेचत होता. हाका मारल्या. समोर जाऊन उभी राहिले. मला वळसा घालून पुढच्या झाडाला लागला.

चतुराबाईंना सगळं सांगितलं. त्या मका सोलत होत्या. विचारलं, तुझी डबी पहिल्या हाकेलाच ओ देती का. मी हो म्हणाले. कोणाच्या नावानं, त्यांनी विचारलं. तेही सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, आम्ही जन्मभर तोंड दाबून राह्यलो, अन् आमच्या नावानं तू बोललीस. एक बार तिकडं ओ गेली की मंग इकडं द्यायला न्हाई उरत.

मला काहीतरी वाटायला हवं होतं. हात धुतले.

नावं डोंगराकडून गावाकडे सरकत आहेत. पुढची डबी चतुराबाईंची. टाकीची शिडी अर्धी गळून पडली आहे. कचरू दोर टाकून चढायचा. आता चढणारं कोणी नाही. ती डबी इथून बंद करता येते, पण त्यासाठी माझी चालू ठेवावी लागते. आदेश पाठवला. उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर

सकाळपासून पाठवते आहे. टाकीवरून उत्तर नाही.

चतुराबाई शेजारी बसल्या आहेत. म्हणतात, तुझी बंद कर अन् जल्दी जालन्याची गाडी धर. मी गेले तर त्यांची चालूच राहील. तसं सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

दुपार झाली. पुन्हा पाठवला.

पुन्हा.

लागला. टाकीवरची बंद. त्यांचं नाव आता जाळ्यात नाही.

लगेच एक निरोप आला. एकच शब्द. माझं नाव —

वायर उपटली. पोच त्याआधीच गेली.

१५ नोव्हेंबर

तब्येत ठीक. भाकरी खाल्ली. चव कळते.

चतुराबाई अंगणातून हाक मारत आहेत. आवाज स्पष्ट आहे. दुसऱ्यांदा. म्हणजे माणूसच.

उठायला हवं.

आता दारात आहेत. तृप्ती, पोरी, म्हणतात. खांद्यावर हात — वजन कळतं. रडताहेत. रडणं ऐकू येतं. लिहिता येतं. नुसतं ओ म्हणायचं, एवढंच. तोंड उघडते. आत —