तिसऱ्या गाण्यातली मोकळी जागा

मांडवी (कच्छ), २४ जून २०२५

ती. रंजिताताईस भूप्याचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईल समुद्रात पडला, म्हणून हे पत्र. हसू नको. इथे लाकडी जहाजं बांधतात, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून भरायचं काम मला मिळालंय. कापसानं पाणी अडतं, हे मला इथे येऊन कळलं. वास मात्र माशांचा.

हां, मुद्दा. सोबतच्या सुताराच्या फोनवर आपल्या ‘गोमाई’ बँडचा नवा अल्बम ऐकला, ‘उतार’. आधी वाटलं, हे ‘गोमाई’ नव्हेच. ‘पूर’ अल्बममध्ये आपली गाणी अर्धा अर्धा तास चालायची. आपला दगा ड्रमवर मध्येच सातवरून अकरा मात्रांवर उडी मारायचा, मी गिटार घेऊन पळायचो, आणि आपण सराव करायचो त्या केळीच्या वखारीत माय डोकावून विचारायची, पोरेसहोन, हाई गानं शे का भांडन. आता सगळं शांत. तू कानात बोलल्यासारखी गातेस. भाग्येशचा बेस तर शोधावा लागतो.

पण तिसऱ्या गाण्यात तू थांबतेस आणि बराच वेळ नुसता ड्रम, वर काहीच नाही. तिथे मला रडू आलं. श्रावणात कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटांसाठी माय घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ घेते, गावात नसलेल्याच्याही. तसंच ना? महिनाभर फिरून येतो म्हणून रेकॉर्डिंग अर्धं टाकून गेलो, वर्ष उलटलं, तरी माझी जागा ठेवलीत. कानबाईला येतो. पुढच्या कार्यक्रमात ती जागा मी भरतो. दगाला विचार, परत घेईल ना? पत्ता लिफाफ्यावर आहे.

तुझी माया पुरून उरलीय, आणखी काय मागू,
भूप्या

प्रकाशा, ६ जुलै २०२५

चि. भूपेश, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मायने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. म्हणते, समुद्रले मोबाईल दिधा, पन घरले एक फोन नही. बाकी घरी ठीक.

आता लिहिते ते बरेच कागद फाडून लिहितेय. ती जागा तुझी नाही, भूप्या.

तू गेल्यावर आम्ही वाट पाहिली. तुझी जेवढी गिटार रेकॉर्ड झाली होती ती धरून गाणी केली. दर गाण्यात ती पुढे पळायची आणि आम्ही मागे धापा टाकत. एक दिवस मी भाग्येशला म्हटलं, काढ ती. दगा माझ्याशी भांडून निघून गेला. परत आला तेव्हा आम्ही गिटारशिवाय तसंच ऐकलं, आणि मला पहिल्यांदा माझा आवाज ऐकू आला. त्या ड्रमवर काही नाही, कारण तिथे काही नकोच आहे. दगाला विचारत नाही. हे मी ठरवलंय, राग माझ्यावर कर. मंचावरही आता आम्ही तिघंच.

रोटाचं वेगळं. तुझी मूठ माय घेणारच. ये, ऊन ऊन खा, माझ्याशी भांड. पण ते गाणं पुन्हा उघडायला सांगू नकोस.

मी तुझी आहे तशीच आहे, एवढं मान,
रंजिताताई

मांडवी, १८ जुलै २०२५

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

पत्र जहाजाच्या बुडाखाली बसून वाचलं. मुकादम येऊन विचारून गेला, घरी कोणी गेलं का. नाही म्हटलं.

मग सुताराचा फोन मागितला आणि गिटार काढली. तुला खोटं पाडायचं होतं. तुझा आवाज थांबला, ड्रम सुरू झाला, मी वाजवलं. चांगलं वाजवलं, खरंच. आणि गाणं मेलं. मग एकच सूर हळूच लावून पाहिला. तोही नको झाला. शेवटी तारांवर तळहात ठेवून पूर्ण ऐकलं. ताई, माझ्यासकट आपण इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं.

कानबाईला येतो. गिटार सुताराकडेच राहील, त्याची मुलगी शिकतेय. सुरतेहून नंदुरबारची गाडी धरतो, वाटेत चिंचपाड्याला कोणी ओळखीचं दिसलं तरी मध्येच उतरणार नाही. मायला सांग, रोटावर तूप हात न आखडता वाढ.

दगा भेटला की अल्बम मला आवडला एवढं सांग. परत घ्याल का असं मी विचारलं होतं, ते सांगू नको.

तुझा धाकटा,
भूप्या