नकाशातली मोकळी जागा

नवागाम, सुरत
मंगळवार, १६ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप मंगलाताईस,

बन्सीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आमच्या पुढच्या खोलीत कोणी साष्टांग घालायचा तर दुसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं.

तुझं पत्र आणि तीळ दोन्ही पोचलं. तीळ तुझ्या भावजयीनं, तारानं लगेच भाजले, पत्र मी दोनदा वाचलं. ‘उज्ज्वलाचं कसं चाललंय’ हे तू तीन ठिकाणी विचारलं आहेस. माझ्या तब्येतीची चौकशी एकदाच, तीही पत्र संपल्यावर समासात. चालायचंच. मी फक्त मामा.

उज्ज्वला मजेत आहे. मागच्या खोलीत तिनं निळा रंग दिला आणि खिडकीत तुळस ठेवली. नितीनला सध्या रातपाळी आहे. सकाळी आठला मागावरून येतो, जेवतो आणि चार वाजेपर्यंत ओंडक्यासारखा पडून असतो. आधी तिकडे, आता इथं, अशी आठ वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहून त्याच्या कानांचा चांगला निम्मा भाग कारखान्यातच राहिला आहे. परवा मयुरीनं त्याच्या उशाशी पितळी डबा आपटला, तर जावयांनी कूस बदलली. दोन वर्षांच्या पोरीच्या प्रयत्नांना एवढंच यश.

आता वस्तीची बातमी. आम्ही सुरतेचा विकास करायला घेतला आहे. हसू नकोस. मरकीच्या साली, प्लेगला भिऊन, आम्ही सगळे गाडीच्या दारात लोंबकळत पळालो, आणि गावानं तोंड फिरवलं तरी तू आम्हाला घरात घेतलंस, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर इथं झाडू फार जोरात फिरू लागला. आता वॉर्डाच्या साहेबांनी सुचवलं आहे की वस्तीला काय हवं ते वस्तीनंच ठरवावं, नकाशा काढावा, क्रम लावावा, मग बघू. म्हणून आमच्या पाच गल्ल्यांचं मंडळ झालं. अक्षर बरं म्हणून चिटणीस मी. पाठशाळेत बारा वर्षं घोकलं, त्याचं चीज गटाराच्या नकाशात झालं.

नकाशा शाळेच्या पटांगणात काढला, जमिनीवर, रांगोळीनं. ज्या गल्लीतल्या बायका, त्यांनी आपली गल्ली काढायची. मग प्रत्येक घराला तुरीचे तीन दाणे दिले: जे हवं त्यावर ठेवा. पुरुषांनी दाणे रस्त्यावर ओतले, का तर कापडाचा टेम्पो दारापर्यंत आला पाहिजे, माल वेळेवर गेला तर काम वाढेल. बायकांनी नाला, नळ, आणि कामावर जाणाऱ्यांच्या पोरांसाठी एक खोली मागितली. आमच्या गल्लीतला भटू म्हणाला, आधी कमाई, मग सफाई. त्यावर पुष्पाबाई, ज्या साड्यांना टिकल्या लावतात आणि आता मंडळाच्या अध्यक्ष आहेत, त्या म्हणाल्या, “रस्ता व्हई तं टेम्पो येई. मंग त्याच टेम्पोमा तुले दवाखानामा लई जासूत.” भटूनं आपला तिसरा दाणा उचलून मुकाट्यानं नाल्यावर नेऊन ठेवला.

नाला पहिला आला. तो उघडायचा, तर त्याच्यावर कोणकोणाच्या खोल्या चढल्या आहेत ते दाखवणं भाग. त्या घरांवर गेरूचा ठिपका द्यायचा ठरलं. कुंकू सुचवलं होतं कोणी, पण बायकांनी ते अशा कामाला देऊ दिलं नाही. आणि नियम मी घातला: आपल्या घराचा ठिपका ज्यानं त्यानं आपल्या बोटानं द्यायचा, दुसऱ्याच्या घराला कोणी बोट लावायचं नाही. मागे एका मोजणीत एकमेकांची नावं सांगण्यावरून दोन डोकी फुटली होती, म्हणून. नियम सगळ्यांना आवडला. तेवीस ठिपके पडले. पुष्पाबाईंचा पहिला.

मी कागदावर उतरवून घेत होतो. हात शाईचे होते.

आपली मागची खोली नाल्याच्या कडेला आहे, हे तुला ठाऊकच आहे. कडेला.

बाकी क्षेम. जाता जाता एक विचारतो: उज्ज्वला आणि मयुरीला पंधरा दिवस पारोळ्याला बोलावून घेतेस का? विशेष काही नाही. हवापालट.

तुझा
बन्सी


नवागाम, सुरत
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड आलं. ‘थंडीच्या दिवसांत कसली हवापालट, इथं हरभरा काढायचा आहे, तूच चार दिवस ये, बरा होशील.’ तुझं निदान नेहमीच अचूक. मी बरा नाही. दोन घास खातो आणि ताट सारतो. तारा म्हणते पित्त. मी पित्तावर समाधान मानून घेतलं आहे.

काल साहेब आले होते. शाळेच्या वर्गात बाकांवर बसले, गुडघे छातीशी. नकाशा पाहून म्हणाले, “मास्तर, इतका चोख नकाशा आमची माणसंही काढत नाहीत.” सगळे माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो असणार. साहेबांनी मग स्पष्ट सांगितलं. ठिपका असलेल्या तेवीस घरांची यादी झाली. त्यांना वस्तीजवळच दुसरी जागा मिळेल, आणि ती मिळेपर्यंत त्यांच्या विटेला कोणी हात लावणार नाही. लोकांनी खरं सांगितलं, तेव्हा आम्हीही शब्द पाळू, म्हणाले. भटूनं ते साहेबांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मग नाला साफ करायला मशीन कुठून घालायचं, ते निघालं. साहेबांनी नकाशावर पेन्सिल फिरवली. नाल्याकाठी ठिपके, ठिपके, ठिपके. एका ठिकाणी पेन्सिल थांबली. “इथं मोकळं दिसतं. इथून उतरवू. सोमवारी, बारा तारखेला.”

ती आमच्या घरामागची जागा आहे, ताई.

मी दौतीचं झाकण लावत राहिलो. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन झाल्यावर विषय पुढं गेला होता. पुष्पाबाई मात्र कप हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. चहा निवून त्यावर साय धरली तरी बघत होत्या.

आज शाळेतून दुपारी लवकर आलो. मागच्या खोलीत गेलो. नितीन झोपलेला, मयुरी त्याच्या पोटावर पाय टाकून झोपलेली. उज्ज्वला पुष्पाबाईंकडे टिकल्या लावायला गेली होती. मी बराच वेळ उभा होतो. खालून पाण्याचा आवाज येतो, तो या खोलीत इतका स्पष्ट येतो हे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा मी आणू दिलं नव्हतं. नितीनला हलवून काही सांगावं म्हणून वाकलो. त्यानं डोळे उघडले, “काय मामा?” म्हणाला. मी म्हटलं, “ऊन आलंय तोंडावर, पडदा ओढू का?” पडदा ओढला आणि बाहेर आलो.

ताई, तू एक कर. आजारी असल्याची तार कर. ‘मंगलाबाई अत्यवस्थ, उज्ज्वलाला पाठवा.’ खोटी असली तरी चालेल. तुला काही होणार नाही, तुझी पत्रिका मी पाहिली आहे. पण बारा तारखेच्या आत कर. का, ते मागाहून लिहीन.

बन्सी


नवागाम, सुरत
गुरुवार, ८ फेब्रुवारी १९९६

ताई,

तुझी तार आली नाही. तू खोटं करणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राहायचो. बरं केलंस. आता सरळ लिहितो. मध्येच विनोद आला तर तो भीतीचा समज.

तीन वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की मागे पक्की खोली बांधली आहे, उज्ज्वला-नितीनला खुशाल पाठव. खोली पक्की आहे. पण नाल्याच्या कडेला नाही, नाल्यावर आहे. कडाप्प्याच्या तीन लांब फरशा आडव्या टाकल्या आणि त्यावर भिंती चढवल्या. तुला सांगितलं असतं तर तू मुलगी पाठवली नसतीस. म्हणून सांगितलं नाही.

त्या दिवशी पटांगणात तेवीस जणांनी गेरूत बोट बुडवलं. मी शाईच्या दौतीला धरून बसलो. वाटलं, यादीत गेलं की उद्या खोली जाणार, मग या पोरांना नेऊ कुठं. दुसऱ्या जागेचं बोलणं तेव्हा कोणाला खरं वाटत नव्हतं. मला तर नाहीच. मी शहाणपणा केला. बाकीच्यांनी विश्वास टाकला, त्यांना जागा मिळणार. शहाण्याच्या घरी मशीन येणार.

रविवारी मंडळाच्या बैठकीत सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि नळाच्या वेळांवर बोललो. मग ठरवलं, शनिवारी सांगू. अजून वेळ होता.

मशीन काल आलं. बाराला यायचं ते सातलाच, कारण दुसरीकडचं काम आटोपलं होतं. मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होतो. भटू दारात आला. धापा टाकत होता. “गुरुजी, मशीन उनं. तुमना मांगे.”

मी कसा पळालो ते मला आठवत नाही. एक चप्पल शाळेच्या पायरीवर राहिली, ती आज एका विद्यार्थिनीनं आणून दिली. त्या वेळी डोक्यात एकच होतं: साडेदहा वाजलेत, उज्ज्वला कामावर आहे, आणि नितीनच्या कानाशी डोंगर कोसळला तरी तो कूस बदलेल. मयुरीला आतून कडी लावायची खोड लागली आहे.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज कानात शिरला. नंतर तो थांबला. ताई, आवाजापेक्षा तो थांबल्यावर मी जास्त घाबरलो. माझे पाय तिथंच थांबले. भटूनं मला दंडाला धरून पुढं नेलं.

खोली उभी होती. मशीनचा लोखंडी पंजा भिंतीपासून हातभर अंतरावर वर धरलेला, आणि त्याच्या खाली, चिखलात, पुष्पाबाई आणि आठ-दहा बायका मांडी घालून बसलेल्या. टिकल्यांची साडी एकीच्या मांडीवर तशीच होती. मयुरी उज्ज्वलाच्या कडेवर. नितीन गल्लीत बाजेवर, अंगावर गोधडी, इकडे तिकडे बघत होता. दार फोडून काढलं होतं त्याला.

मुकादमाच्या हातात नकाशाची प्रत होती. माझं अक्षर. तो बिचारा त्यातली मोकळी जागा सगळ्यांना दाखवत होता, “नकशामां तो खाली जग्या छे. आ घर कोनुं?”

एकानंही माझ्याकडे बोट केलं नाही. मुकादमानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “माझं.”

त्यानं कानावरची लाल पेन्सिल काढून दिली. मी त्या मोकळ्या जागेत ठिपका दिला. पेन्सिलीचं टोक मोडलं, ठिपका कागदातून आरपार गेला.

मशीन गेल्यावर मी पुष्पाबाईंना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“आमले समदासले ठाऊक व्हतं, गुरुजी. रोज भांडा घासताना तुमन्या फरशा दिसतस.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“नियम तुमनाच व्हता.” त्यांनी लुगड्याचा चिखल झटकला. “आम्ही तुमनी वाट दखत व्हतू. पोरले तं काढी लिधं; तुम्ही नही बोलतात तं भिंत जाऊ देतू.”

रागानं म्हणाल्या नाहीत. तेच मला कालपासून सोसत नाही. कोणी शिवी दिली असती तर मी तिला धरून बसलो असतो.

साहेबांना संध्याकाळी भेटलो. ते ओरडले नाहीत. नकाशावरचा पेन्सिलीचा ठिपका बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, यादी वर गेली आहे, चोविसावं नाव घालायचं तर मंडळानं लिहून द्यावं लागेल की ही चूक कोणाची. लिहून दिलं तरी मिळेल असं सांगता येत नाही. तोवर खोली रिकामी करा. मशीन सोमवारी तिथूनच उतरेल, कारण दुसरी वाट नाही. मंडळाचा चिटणीस मीच, म्हणून ते पत्र मीच लिहिलं. पुष्पाबाईंनी अंगठा दिला. त्यांच्यामागून बाकीच्यांनी, एकेक करून. भटूनं सही केली, तो अलीकडेच शिकला आहे. त्यानं वेळ लावला. मग सगळ्यांनी आणखी एक ठराव केला, तोही मलाच लिहावा लागला: नकाशा यापुढं पुष्पाबाईंच्या घरी राहील.

उज्ज्वलाचं सामान पुढच्या खोलीत आणलं आहे. चार मोठे आणि एक लहान. नितीनला दिवसा झोपायला जागा नाही. तो आज सकाळी मागावरून आला आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला. मला अजून धडकी भरते. आज पहाटे शेजारी पत्रा वाजला तरी दचकून उठलो. नावाचं काय होईल ते ठाऊक नाही. सोमवारी त्या तीन फरशा उचलतील तेव्हा मी कुठं उभा राहू, तेही ठाऊक नाही.

उज्ज्वला माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी देते, मान खाली. आज सकाळी मयुरीचे केस विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघता, तिनं एकच विचारलं, “मामा, आईला खरं काय ते लिहिलं का?”

मी म्हणालो, “हो, कालच टाकलं.”

ताई, ते म्हटलं तेव्हा या पत्रातला एक शब्दही लिहिलेला नव्हता. इतकं होऊनही पहिलं तोंडातून आलं ते हेच. म्हणून शाळेत न जाता बसून हे लिहिलं आहे. आता ते तिच्याच हाती देतो, पाकीट न चिकटवता. ती वाचेल आणि तीच पेटीत टाकेल.

तू तिला न्यायला ये. मला भेटायचं की नाही, ते इथं आल्यावर ठरव.

बन्सीलाल