उघडी राहिलेली झडप

प्रिय हिल्डा,

चहाचा कप सारखा घसरतो आहे, म्हणून एका हाताने तो धरून लिहिते आहे. माझी बोट चिखलावर कलली आहे, शेजारच्या चारही कलल्या आहेत. काल लॉकमधून, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या त्या पाण्याच्या दरवाजांमधून, बाहेर पडताना कुणीतरी पाणी सोडायची झडप उघडी ठेवली आणि कालव्याच्या या टप्प्यातलं सगळं पाणी रात्रीतून वाहून गेलं.

"कोण तो गाढव?" शेजारचा म्हातारा सिरिल सकाळी ओरडत होता. "माझं अंडं तव्यातून पळालं!" सगळे हसले. मीही हसले.

माझा वॉल्टर प्रत्येक लॉकनंतर मागे चालत जाऊन झडपा बघून यायचा. मी सुकाणूवरून चिडवायचे, "अरे, पाणी न्यायला चोर येणार आहे का?" तो म्हणायचा, "येईल एखादी."

तो वारल्यावर तू मला तुझ्या घरी राहायला बोलावलंस. मी म्हटलं होतं, एकटीच्या हातून पहिली चूक झाली की बोट विकून येईन. मार्चपासून एकही झाली नव्हती. काल सुकाणू धरल्यावर मला वाटलं, तो मागे गेलाच असेल.

हे तुला कळवायलाच हवं का, ते ठरत नाही.

तुझी,
विनिफ्रेड

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, बोट सरळ झाली. मी सिरिलला खरं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं गं. झडपेपाशी तुझा हातमोजा पडला होता." त्याने तो वाळवून ठेवला होता. मी खिडकीत 'विकणे आहे' अशी पाटी लावली.